दात उमटलेली गोळी

अमेरिकेत यादवी युद्धाच्या (१८६१ ते १८६५) जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. तलवारी, बिल्ले, पट्ट्यांची बक्कले यांना चांगला भाव येतो. शिशाच्या गोळ्या त्यामानाने स्वस्त, कारण त्या अजूनही जुन्या रणांगणांभोवतीच्या शेतांत आणि रानांत निघतात. पण या गोळ्यांतही एक जात अशी आहे, की ती डबीत कापसावर ठेवून, सोबत कहाणी सांगून विकली जाते. ती म्हणजे दातांच्या खुणा उमटलेली गोळी.

कहाणी अशी सांगतात. तेव्हा भूल नव्हती. जखमी शिपायाला फळीवर निजवायचे, चौघांनी धरायचे, दातांत शिशाची गोळी द्यायची आणि सर्जनने करवतीने पाय कापायचा. कळ सोसताना त्याने जे दात रोवले, तेच हे दात. ऐकताना अंगावर काटा येतो आणि हात खिशाकडे जातो.

अडचण एवढीच, की भूल होती. बोस्टनच्या रुग्णालयात ईथर देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली ती १८४६ साली, पाठोपाठ क्लोरोफॉर्म आले १८४७ मध्ये. युद्ध सुरू झाले तोवर ही औषधे लष्करी डॉक्टरांच्या पेटीत नेहमीची झाली होती. उत्तरेच्या सैन्याने युद्धानंतर जो वैद्यकीय इतिहास छापला, त्यातल्या अंदाजाप्रमाणे भूल सुमारे ८० हजार वेळा दिली गेली. भूल न देता हातपाय कापल्याचे प्रसंग घडले, पण ते अपवाद होते. शिवाय साधा विचार करा. उताण्या निजवलेल्या, ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडात सुट्टी गोळी कोण ठेवील? ती घशात जायची. चामड्याचा तुकडा किंवा लाकडाची चिपटी त्यापेक्षा केव्हाही बरी.

मग दात कोणाचे? गोळ्या तपासणाऱ्यांनी खुणांची खोली आणि आकार पाहिला. कित्येक गोळ्यांचा पार चपटा लगदा झालेला असतो. माणसाच्या जबड्याने शिशावर ओरखडे उमटतील, खळगे पडतील, पण असा लगदा होत नाही. हे दात डुकरांचे आहेत. दक्षिणेकडचे शेतकरी त्या काळी डुकरे रानात मोकळी सोडत. ओळख पटावी म्हणून कानाला खाच पाडायची आणि सोडून द्यायचे. ती ओकच्या झाडाखाली पडलेली फळे नाकाने माती उकरून खात. लढाई झालेल्या रानात त्याच मातीत, त्याच आकाराचे शिसे पडलेले. तोंडात आले ते चावले, फुटेना म्हणून थुंकले. शे-सव्वाशे वर्षांनी ते कुणाला तरी सापडले आणि त्याला शिपायाची कहाणी चिकटली.

आमच्या घरी जुनी माणसे या जनावराचे नावही तोंडाने घेत नसत, 'ते' म्हणून भागवत. त्यामुळे हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. मग आठवले, की ही गोळी आपल्याही इतिहासातली आहे.

अमेरिकेच्या त्या युद्धात दोन्ही बाजूंनी इंग्लंडकडून लाखांनी बंदुका विकत घेतल्या. ती १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड. नळीचा व्यास ०.५७७ इंच. अमेरिकेच्या स्वतःच्या स्प्रिंगफिल्ड बंदुकीची नळी ०.५८ इंचांची, म्हणजे फरक केसाएवढा, आणि एकीची गोळी दुसरीत चालवत असत. हीच एन्फिल्ड चार वर्षे आधी, १८५७ च्या जानेवारीत, दमदम, अंबाला आणि सियालकोटच्या शिक्षणकेंद्रांत कंपनीच्या शिपायांपुढे ठेवली गेली होती. तिच्या काडतुसाला दात लावायला आपल्या शिपायांनी नकार दिला. कारण तेच जनावर, आणि त्याच्या जोडीला गाय.

काडतुसाची भानगड नीट समजून घेतली पाहिजे. ती शाळेत कोणी नीट सांगत नाही. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी वाटोळी, नळीहून थोडी लहान. भरायला सोपी, पण सुटल्यावर कुठेही जायची. नळीत आटे पाडले तर गोळी गिरकी घेत सरळ जाते, पण त्यासाठी ती नळीला घट्ट बसायला हवी आणि घट्ट गोळी वरून ठासायला वेळ लागतो. फ्रान्सचा कॅप्टन मिनिए याने १८४९ मध्ये यावर तोड काढली. लांबट, टोकदार गोळी, बुडाशी पोकळ. आत सरकते सहज. दारू पेटली की पोकळ बूड फुगते आणि आट्यांत रुतते. एन्फिल्डची गोळी याच कुळातली. तिच्यावर कागद गुंडाळलेला असे आणि तो गोळीसकट नळीत जायचा म्हणून त्यावर वंगण लावत.

काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी. दाताने फाडायचे ते दारूचे टोक. वंगण होते ते गोळीच्या टोकाला. म्हणजे कवायतीप्रमाणे दात थेट चरबीला लागत नव्हते. इंग्रज अधिकाऱ्यांतल्या काहींनी असे समर्थन केलेही असेल, पण एका पुडक्यात दाटीने बांधलेली काडतुसे, बंगालची हवा आणि घामाचे हात हे लक्षात घेतले तर त्या समर्थनाला फारसा अर्थ उरत नाही. खरा प्रश्न होता चरबी कोणाची. कलकत्त्यात ती पुरवताना कोणत्या प्राण्याची आहे याची कोणतीही खास खबरदारी घेतली नव्हती, हे कंपनीच्या स्वतःच्याच चौकशीत निघाले. जानेवारी संपायच्या आत सरकारने काडतुसे वंगणाशिवाय द्यायचे आणि शिपायांनी आपापले वंगण लावायचे, असा हुकूम काढला. पुढे दाताऐवजी हाताने फाडायची मुभाही आली. तोवर विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. त्यांत मुसलमानही होते आणि हिंदूही. ती काडतुसे तर एन्फिल्डची नव्हतीच, जुन्याच प्रकारची होती. ९ मे रोजी सगळ्या पलटणींसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मेच्या संध्याकाळी मेरठ पेटले.

आज १८५७ ची एखादी एन्फिल्ड गोळी हातात आली, तर ती या वादाबद्दल काहीही सांगू शकत नाही. कागद कुजून गेला, वंगण विरले, उरले ते शिसे. चरबी गाईची होती की डुकराची, हे शिसे विचारून कळत नाही. ते कागदपत्रांतच शोधावे लागते. पण दुसरे काही ती सांगते. बंडात उतरलेल्या बहुतेक शिपायांच्या हाती जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या आणि समोर आलेल्या गोऱ्या पलटणींकडे एन्फिल्ड. म्हणजे वाटोळी गोळी आणि लांबट गोळी यांवरून कोणी कोणावर झाडली याचा अंदाज बांधता येतो. ज्या काडतुसावरून भडका उडाला, ते नाकारणारे जुन्या बंदुकीने लढले आणि दुप्पट-तिप्पट अंतरावरून येणाऱ्या गोळ्यांनी मेले.

गोळी वाचायची असते ती अशी. जमिनीतून निघालेल्या जुन्या शिशावर पांढुरका थर असतो. हवा-पाण्याशी संयोग होऊन तो वर्षानुवर्षे साचत जातो, नकली गोळीवर तो जमवणे अवघड. मग घडण पाहायची. अमेरिकी बनावटीच्या लांबट गोळीला बहुधा बुडाजवळ तीन वेढे असतात, त्या खोबणींत वंगण भरायचे. इंग्रजी गोळीची बाजू सपाट. त्यानंतरचा प्रश्न, गोळी झाडलेली आहे की नुसती पडलेली? झाडलेलीवर आट्यांचे चरे असतात, आपटून ती चपटी होते, फुलाच्या पाकळ्यांसारखी उलटते. पडलेली गोळी मात्र साच्यातून काढल्यासारखी कोरी. जिथे कोऱ्या गोळ्या ओळीने सापडतात तिथे रांग उभी होती, कोणीतरी घाईत, थरथरत्या हाताने भरता भरता ती खाली टाकली. टोकाला स्क्रूचे भोक असलेली गोळीही सापडते. बार न उडालेल्या बंदुकीतून ती गजाने ओढून काढलेली असते. आणि छावण्यांच्या जागी सापडतात कोरलेल्या गोळ्या, बुद्धिबळाची प्यादी आणि फासे. शिपायाचे बहुतेक आयुष्य लढण्यात नव्हे, वाट पाहण्यात जाते, हे त्या प्याद्यांवरून जेवढे समजते तेवढे सेनापतींच्या आत्मचरित्रांवरून समजत नाही.

गेटिसबर्गच्या लढाईनंतर (जुलै १८६३) मैदानातून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांची त्या काळची एक नोंद प्रसिद्ध आहे. त्यातल्या सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या. निम्म्यांत दोन-दोन बार ठासलेले आणि पाव हिश्शात तीनपासून दहापर्यंत. म्हणजे शिपाई भरत होते, चाप ओढत नव्हते, किंवा बार उडालाच नाही हे गोंगाटात त्यांना कळतच नव्हते. काही अभ्यासक म्हणतात, समोरच्या माणसाला मारायला हात धजला नाही. काही म्हणतात, निव्वळ भीतीने आलेला गोंधळ. मला दुसरे जास्त पटते, पण पहिले खोटे आहे असे म्हणायला माझ्याकडे काही नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. ही शिशाची विद्या छंदिष्टांची राहिली असती तर मी इतके लिहिले नसते. तिला वजन आले ते माँटाना राज्यातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी.

२५ जून १८७६ रोजी तिथे अमेरिकेच्या सातव्या घोडदळाचा कर्नल कस्टर आणि त्याच्यासोबतचे सुमारे २१० जण लाकोटा आणि शायेन लोकांच्या हातून मारले गेले. त्याच्या तुकडीतला एकही सैनिक वाचला नाही, म्हणून गोऱ्या अमेरिकेने पुढची गोष्ट स्वतःच रचली. टेकडीवर मधोमध कस्टर, भोवती शिपायांचे कडे, शेवटच्या गोळीपर्यंत झुंज. एका बिअर कंपनीने या दृश्याचे रंगीत चित्र छापून देशभरच्या दारूच्या गुत्त्यांत लावले. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी इतिहास त्या भिंतीवरून घेतला.

कोणी वाचले नव्हते हे अर्धेच खरे. जिंकलेले हजारो लोक वाचले होते आणि ते बोलत होते. शायेन योद्धा वुडन लेग याची साक्ष १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली. इतरांनीही सांगितले होते, की शेवटी रांग वगैरे काही उरली नव्हती. शिपाई घाबरून एकमेकांत मिसळले, कळपासारखे पळाले, आणि सगळे फार लवकर आटोपले. एकाने तर भुकेल्या माणसाला जेवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात संपल्याचे सांगितले. पण ही साक्ष 'इंडियन' माणसाची. तो घाबरून गोऱ्यांना हवे तेच सांगतो, किंवा फुशारकी मारतो, किंवा दुभाष्याला समजले नाही. ती बाजूला ठेवायला कारणे नेहमीच तयार होती.

ऑगस्ट १९८३ मध्ये तिथल्या माळाला वणवा लागला आणि उंच गवत जळून जमीन उघडी पडली. डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी १९८४ आणि १९८५ च्या उन्हाळ्यांत तिथे पाहणी केली. स्वयंसेवक हातात धातुशोधक यंत्र घेऊन ठरावीक अंतरावर ओळीने चालले. यंत्र वाजले की झेंडी, मागून येणाऱ्याने हळू खणायचे, वस्तू जागची न हलवता तिचे स्थान आणि ती कोणत्या दिशेला तोंड करून पडली आहे हे टिपायचे, मगच उचलायची. अशा हजारो वस्तू निघाल्या.

तोवर काडतूस पितळी-तांब्याचे झाले होते, म्हणजे बार उडाला की रिकामी पुंगळी मागे राहते. प्रत्येक बंदुकीची सुई पुंगळीच्या बुडावर स्वतःचा ठसा उमटवते, खुनाच्या तपासात पोलीस तोच पाहतात. इथेही सूक्ष्मदर्शकाखाली तेच केले. एका बंदुकीच्या पुंगळ्या एका टेकाडावर सापडल्या, त्याच बंदुकीच्या पुढच्या टेकाडावर. म्हणजे १०८ वर्षांनी एक माणूस मैदानातून कसा पुढे सरकला हे दिसू लागले. त्याचे नाव कळले नाही, चाल कळली.

काय निघाले? घोडदळाकडे एकेक काडतूस भरायच्या स्प्रिंगफिल्ड कार्बाइन आणि कोल्ट पिस्तुले. समोर चाळीसहून अधिक प्रकारची शस्त्रे, जुन्या ठासणीच्या बंदुकांपासून भराभर बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टरपर्यंत. मैदानाच्या एका टोकाला शिपायांच्या पुंगळ्या रांगेत, ठरावीक अंतराने, म्हणजे तिथे शिस्तीची फळी उभी होती. तिथून पुढे, जिथे ती प्रसिद्ध शेवटची झुंज झाली म्हणतात, तिथे शिपायांच्या पुंगळ्या फार थोड्या आणि त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या पुष्कळ. फॉक्स यांनी यावरून अर्थ लावला, की फळी मोडली आणि त्यानंतर संघटित लढाई अशी झालीच नाही. सगळ्या इतिहासकारांनी तो तसाच्या तसा मान्य केला असे नाही. कार्बाइनमध्ये तांब्याची पुंगळी अडकून बसे म्हणून शिपाई हरले, हे जुने समर्थनही तपासले गेले. ओरबाडून काढलेल्या पुंगळ्या अगदी थोड्या निघाल्या.

माळावर मेलेल्या शिपायांच्या जागी १८९० मध्ये संगमरवरी दगड लावले होते. ते माणसांपेक्षा जास्त होते आणि अनेक ठिकाणी जोडीने होते. खणून पाहिल्यावर जोडीतल्या दोन दगडांखाली बहुधा एकाच माणसाचे अवशेष निघाले. दगड खोटे बोलले आणि शिसे खरे, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण मला वेगळीच गोष्ट खटकते. वुडन लेग आणि त्याच्या लोकांनी जे सांगितले ते खरे मानायला पुंगळी का लागली? माणूस बोलत होता तेव्हा त्याला साक्षीदार मानले नाही आणि धातूचा तुकडा मिळताच त्याला 'दुजोरा' मिळाला. हरलेल्यांच्या, हाकललेल्यांच्या तोंडच्या इतिहासाला ही परीक्षा नेहमीच द्यावी लागते. आपल्या मोहल्ल्यांतही हा अनुभव नवा नाही.

कोलोरॅडोतल्या सँड क्रीकची गोष्ट याहून वाईट. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे कर्नल चिव्हिंग्टनच्या फौजेने शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला केला. ब्लॅक केटल या सरदाराने आपल्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा लावला होता. मारले गेलेले सुमारे २३० लोक, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे. चिव्हिंग्टन त्याला शेवटपर्यंत लढाई म्हणत राहिला. पुढे ती जागा नेमकी कोणती यावरच वाद झाला. १९९९ मध्ये वंशजांच्या आठवणी, जुने नकाशे आणि धातुशोधक यंत्रे यांच्या आधारे शोध घेतला, तेव्हा गोळ्या निघाल्या आणि छावणीवर झाडलेल्या तोफांच्या गोळ्यांचे तुकडे निघाले. छावणीतून उलट मारा झाल्याच्या खुणा जवळजवळ नाहीतच. २००७ पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे आणि नावात 'कत्तल' हा शब्द आहे, लढाई नाही.

शिसे बोलते म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवले जाते, हेही सांगायला हवे. व्हॉट्सॲपवर एक छायाचित्र दर काही महिन्यांनी फिरते. दोन गोळ्या एकमेकींत आरपार घुसलेल्या, खाली मजकूर, की १९१५ मध्ये गॅलिपोलीत त्या हवेत धडकल्या. आपल्या गटांत त्याला तुर्कांच्या शौर्याची फोडणीही मिळते. छायाचित्र मोठे करून पाहा. भेदल्या गेलेल्या गोळीवर आट्यांचे चरे दिसत नाहीत. म्हणजे ती कोणी झाडलेलीच नव्हती. कोणाच्या तरी काडतूसपट्ट्यात किंवा पेटीत पडून असताना दुसरी येऊन घुसली असावी. गॅलिपोलीबद्दल अभिमानच बाळगायचा तर खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. इंग्रजांच्या हिंदी ब्रिगेडमधल्या दोन पंजाबी पलटणी, ६९ वी आणि ८९ वी, मे १९१५ मध्ये तिथून काढून फ्रान्सला पाठवल्या, कारण त्यांत मुसलमान तुकड्या होत्या आणि ते खलिफाच्या फौजेवर गोळी चालवतील की नाही याची साहेबांना खात्री नव्हती. त्याच किनाऱ्यावर खेचरांचे तांडे हाकत पाणी आणि दारूगोळा वाहणारे पंजाबी मुसलमान मात्र तिथेच राहिले. एवढ्यात किती अवघडलेपण आहे! २०१० ते २०१४ या काळात तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या अभ्यासकांनी मिळून तिथल्या खंदकांचे नकाशे केले, तेव्हा गोळ्यांइतक्याच बोलक्या निघाल्या त्या स्वयंपाकाच्या खुणा. एका बाजूला डबाबंद मांसाच्या पत्र्यांचा खच, तर तुर्की बाजूला विटांच्या भट्ट्या.

संग्राहकांना नावे ठेवणे सोपे आहे, आणि एका अर्थाने योग्यही. गोळीचे सगळे ज्ञान ती कुठे पडली होती यात असते. जागा न टिपता उचलली की हातात राहते ते भंगार. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानाच्या जमिनीवर खणणे १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण लिटल बिगहॉर्नला यंत्रे घेऊन चाललेल्यांत हेच छंदिष्ट होते. गोळ्यांच्या प्रकारांची जी यादी पुरातत्त्वज्ञ आजही संदर्भाला घेतात, तीही १९८० मध्ये दोघा संग्राहकांनी केलेली.

आपल्याकडे जालना जिल्ह्यातल्या असईच्या रानात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेची जी दाणादाण उडवली, ती छऱ्यांच्या गोळ्यांनी. ते लोखंडी गोळे कुठे कुठे निघतात एवढे जरी नकाशावर मांडले, तरी तोफांची ओळ नेमकी कुठून कुठे होती हे दिसेल. गोलंदाज तोफेला चिकटून संगिनींनी मेले, ही नोंद इंग्रजांनीच करून ठेवली आहे. तेव्हा कोणाला शेतात असे काही सापडले, तर वस्तू हलवण्याआधी जागेचा फोटो घ्यावा, आसपासचे झाड किंवा विहीर त्यात दिसेल असा. वस्तूची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर खणूच नये.

आणि त्या दात उमटलेल्या गोळ्या? काही दुकानदार आता त्या 'डुकराने चावलेल्या' असे स्पष्ट लिहून विकतात. त्यांनाही गिऱ्हाईक मिळतेच.